‘बार’ म्हणजे नेमका कुठला बार?

मालवणात एक दिवस काढलात तर ‘बार’ हा शब्द किती ठिकाणी आडवा येतो ते मोजून बघा. सकाळी स्कुबाला नेणारा पोरगा सिलिंडरच्या काट्यावर बोट ठेवून ‘दोनशे बार आहे’ म्हणतो. तालुक्याच्या कोर्टात ‘बार रूम’ अशी पाटी आणि तिच्याखाली खुंटीला टांगलेले काळे कोट. एसटी स्टँडसमोर ‘बार अँड रेस्टॉरंट’. देवबागच्या संगमावर पाण्यातून वर आलेली वाळू, तिला समुद्राच्या नकाशावर ‘बार’च म्हणतात. वाण्याकडे कपड्यांचा ५०१ बार. आणि मोबाइलच्या कोपऱ्यातल्या त्या चार काड्या, ज्यांतल्या दोन आल्या तरी आपण रेंज आली म्हणून आनंदतो, त्याही इंग्रजीत बारच.

वकील, दारू, वाळू, साबण आणि हवेचा दाब यांना एका शब्दात कोणी कोंबलं, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर थोडक्यात असं: यातले बहुतेक बार एकाच घरातले आहेत, सख्खे-चुलत. दाबाचा बार मात्र परका. त्याचं नुसतं नाव जुळतं. आणि आपल्या मराठीतला बार, जो भरतात आणि उडवतात, तो तिसऱ्याच घरचा. 

आधी मोठं घर बघू.

बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘बार्रा’ असा शब्द होता. अर्थ आडवा दांडा. त्याच्याही मागे तो कुठून आला याचा माग विद्वानांना लागलेला नाही. तिथून तो पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन अशा सगळ्या लॅटिनच्या लेकींकडे गेला. फ्रेंचमध्ये त्याचा ‘बार’ झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राजा, सरदार आणि न्यायाधीश फ्रेंच बोलू लागले आणि त्यांच्या तोंडून शेकडो शब्द इंग्रजीत उतरले. बार त्यांतलाच. बाराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो इंग्रजीत रुळलेला दिसतो, आणि तेव्हाचा त्याचा ठळक अर्थ आहे दार बंद ठेवणारा दांडा.

हा दांडा आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. कोकणातल्या जुन्या घराचा अडसर आठवा. दाराच्या एका बाजूला भिंतीत खोल भोक असतं. दिवसभर लाकडाचा तो दांडा त्या भोकात, भिंतीच्या पोटात असतो. रात्री दार लोटलं की तो ओढून बाहेर काढायचा आणि समोरच्या खोबणीत बसवायचा. बाहेरून चार माणसांनी धक्के मारले तरी दार हलत नाही. आता बघा, आज अडसर म्हटलं की किती जणांच्या डोळ्यांसमोर लाकूड येतं? लग्नात अडसर, रस्त्याच्या कामात अडसर, बदलीत अडसर. लाकूड गेलं, अडवणूक उरली. इंग्रजी ‘बार’चं हेच झालं, फरक इतकाच की त्यांनी लाकूडही ठेवलं आणि अडवणूकही. म्हणून या घरातल्या कुठल्याही बारचा अर्थ लागत नसेल तर एवढंच विचारायचं: हा दांड्याच्या आकारावरून आला की अडवण्याच्या कामावरून?

आकारावरून आलेले सोपे आहेत, त्यांत फार वेळ घालवायला नको. लोखंडाची सळई, चॉकलेटचा बार, तालमीतला सिंगल बार आणि डबल बार, फुटबॉलच्या गोलवरचा आडवा बार, कीबोर्डवरची स्पेस बार. कपड्याचा साबण लांबच्या लांब कांबीत यायचा आणि वाणी तो तारेनं कापून द्यायचा, म्हणून बार साबण. आंघोळीच्या साबणाला आपण वडी म्हणतो, ते बरोबरच आहे, ती वडीच असते. बारकोडमध्ये काळ्या उभ्या रेघा म्हणजे बार. दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. जाता जाता: त्या कोडमध्ये काळ्या रेघांइतक्याच मधल्या पांढऱ्या फटीही मोजल्या जातात. नाव मात्र एकट्या काळ्यांना मिळालं.

अडवणाऱ्यांची गोष्ट मोठी आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसानं ती वाळूपासूनच सुरू करावी.

कोकणातली नदी लहान, पण तिची खाडी मोठी. सावित्रीचं बाणकोट, वाशिष्ठीचं दाभोळ, शास्त्रीचं जयगड, वाघोटणचं विजयदुर्ग, कर्लीचं देवबाग. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे दोन शक्ती समोरासमोर येतात. नदी आणि ओहोटीचं पाणी गाळ घेऊन बाहेर निघतं. तोंडाबाहेर पडलं की ते पसरतं, त्याचा वेग मरतो आणि हातातलं ओझं ते तिथेच टाकतं. समोरून लाटा किनाऱ्याला तिरक्या आपटत असतात, त्या किनाऱ्याकिनाऱ्यानं वाळू ढकलत आणतात. या दोघांच्या भांडणात खाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली, वाळूचा एक आडवा बांध तयार होतो. हाच सँड बार. दारात अडसर घालावा तसा तो बंदराच्या तोंडात पडतो, म्हणून दर्यावर्दी लोकांनी त्याला बार म्हटलं. पोर्तुगीजांत ‘बार्रा’ म्हणजे हा बांध, आणि त्यावरून खाडीचं तोंडही बार्राच. सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीज सुकाणूवाल्यांना हा शब्द रोज लागायचा. जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्द्यानं १५३८-३९ मध्ये गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याची नोंदवही लिहिली, नकाशे काढले. त्याच्या वाटेवर आपलंच कोकण होतं. अशा वहीत खलाशाला सगळ्यात आधी हवं असतं ते हेच: तोंडावर पाणी किती.

बार धोकादायक का, हे समजायला एक हिशोब पुरे. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय तळाला लागतो आणि डोकं पुढे जातं, म्हणजे ती फुटते. ढोबळमानानं लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली की लाट फुटली असं समजा. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात फुटणार. बाहेर दहा मीटर खोलीवर जी लाट होडीला नुसती वर-खाली झुलवत होती, तीच बारवर आल्यावर होडीच्या अंगावर कोसळते. त्यात ओहोटी लागलेली असली तर खाडीचं पाणी लाटेच्या तोंडावर धावून येतं. लाट आखडते, आणखी उभी होते. म्हणून अनुभवी तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, मासे भरून आला, घर समोर दिसत असलं, तरी सुकतीला, म्हणजे ओहोटी चालू असताना, तोंडात घुसत नाही. बाहेर थांबतो आणि भरतीचं पाणी धरून आत येतो.

भरती कधी, याचा हिशोब किनाऱ्यावर अजून तोंडी चालतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपास. मोबाइलमधल्या तक्त्याशी तो मिनिटाला जुळत नाही, गावागणिक थोडा पुढे-मागे होतो, पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, एवढं गणित त्यात ढोबळमानानं बसलेलं आहे. पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. उधाणात बारवर पाणी जास्त चढतं, पण ओहोटीलाही ते तितकंच खाली जातं, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही.

आणि बार एका जागी राहत नाही. पावसाळ्यात नदीचा लोंढा त्याला फोडतो, लाटा पुन्हा रचतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्यानंतर नौका पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा गेल्या मे महिन्यातली वाट तिथेच असेल असं कोणी धरून चालत नाही. देवबागजवळ कर्लीच्या मुखातली जी वाळू आज ‘त्सुनामी आयलंड’ नावानं पर्यटकांना दाखवतात, ती २००४ च्या त्सुनामीनंतर वर आली असं तिथले लोक सांगतात. तिच्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला ठाऊक नसतं, पण तो बारवर उभा असतो.

बंदरांचं नशीबही या वाळूनं आणि गाळानं फिरवलं. राजापूर आज समुद्रापासून इतकं आत वाटतं की तिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, खाडीतून माल थेट गावापर्यंत चढायचा, हे सांगूनही पटत नाही. खाडी भरत गेली आणि बंदर खाली सरकत गेलं. आगबोटींच्या काळात बऱ्याच बंदरांत बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि उतारूंना पडाव नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर आणायचे. पोरंबाळं, ट्रंका, फणस, सगळं हातोहात. त्यामागेही तोंडावरचं उथळ पाणी होतंच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आजही गाळ उपसण्याचा विषय दर काही वर्षांनी वर येतो.

किनाऱ्यावरून आता कोर्टात.

इंग्लंडमधल्या न्यायालयात न्यायाधीश बसतात ती जागा आणि बाकीची जागा यांच्यामध्ये एक कठडा असायचा. तोच बार. आरोपीला त्या कठड्याशी आणून उभं करायचे, वकील तिथून बोलायचे. लंडनमध्ये वकिली शिकवणाऱ्या चार जुन्या संस्था आहेत: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. त्यांच्या सभागृहातही असाच एक बार होता. विद्यार्थी तयार झाला, की त्याला त्या बारपाशी बोलावून घेत. ‘कॉल टु द बार’ हा शब्दप्रयोग तिथला, आणि बोलावलेला तो बॅरिस्टर. गंमत अशी की बोलावणं यायला परीक्षेबरोबर संस्थेच्या सभागृहात ठरलेल्या संख्येनं रात्रीची जेवणंही जेवावी लागत. आपल्याकडून गेलेल्या शाकाहारी मुलांचे त्यात काय हाल झाले असतील ते त्यांनाच ठाऊक.

मराठीत या बॅरिस्टरला आपण इतकं डोक्यावर घेतलं की त्याचं नावाआधीचं ‘बॅ.’ करून टाकलं. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै, राजापूर मतदारसंघाचे खासदार. आंबेतचे बॅ. अंतुले, १९८० मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. सावरकरांची गोष्ट वेगळी. ते लंडनला ग्रेज इनमध्ये शिकले, परीक्षा झाल्या, पण राजकीय हालचालींमुळे संस्थेनं त्यांना बारवर बोलावलंच नाही. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि लोक त्यांना बॅरिस्टर सावरकर म्हणतच राहिले. इंग्रजांनी न दिलेली पदवी लोकांनी देऊन टाकली.

भारतात १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर सगळ्या वकिलांची एकच जात झाली, अॅडव्होकेट. लंडनहून आलेल्याला कोर्टात वेगळा मान उरला नाही. ‘बार’ मात्र राहिला: बार कौन्सिल, बार असोसिएशन, बार रूम. कठड्याचं नाव कठड्याशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या माणसांना मिळालं, जसं न्यायाधीशांना त्यांच्या बाकावरून ‘बेंच’ हे नाव मिळालं. कठड्याच्या एका बाजूला बेंच, दुसऱ्या बाजूला बार. तालुक्याच्या कोर्टात ‘बारचं म्हणणं काय’ असं कोणी विचारलं तर तो वकिलांचं म्हणणं विचारत असतो.

कोर्टात आणखी एक बार फिरतो, आणि कोकणी माणसाचा संबंध त्याच्याशीच जास्त येतो. ‘टाइम-बार झालं.’ दावा लावायची मुदत संपली, कायद्यानं दार बंद केलं, आतून अडसर. १९६३ च्या मुदत कायद्यात उसने दिलेल्या पैशाच्या वसुलीला साधारणपणे ३ वर्षं आहेत आणि मालकी हक्कावरून जागेचा ताबा मागायला १२. जागेच्या बाबतीत ही बारा वर्षं कधीपासून मोजायची यावरच अर्ध्या भाऊबंदकीचं पोट चालतं. मुंबईत नोकरी करणारा चुलता निवृत्त होऊन गावी येतो, कुंपण आंब्याची पाच कलमं आत सरकलेलं बघतो आणि सातबारा घेऊन वकिलाकडे जातो. वकिलाचा पहिला प्रश्न कुंपण कधी सरकलं हा असतो. मराठी कागदात ‘मुदतबाह्य’ लिहिलेलं असतं, पण तारखेला आलेली माणसं टाइम-बार म्हणतात.

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या जुन्या पिढीला याच कुळातला एक बार चांगला आठवत असेल. पूर्वीच्या वेतनश्रेणीत आकड्यांच्या मधोमध ‘ई. बी.’ अशी अक्षरं असायची. एफिशियन्सी बार. तिथपर्यंत वार्षिक वाढ आपोआप मिळायची. तिथे आल्यावर साहेबानं काम ठीक आहे असं लिहून दिलं तरच पुढची वाढ. सरकारी मराठीत त्याला दक्षतारोध म्हणत. भाषांतर जड आहे, पण ‘बार’चा अर्थ त्यात नेमका उतरला आहे, रोध म्हणजे अडवणं. परीक्षेतून मुलाला ‘डिबार’ केलं, गेटवर ‘बॅरियर’ पाडला, निर्यातीवर ‘एम्बार्गो’ आला, हे सगळे याच घरचे. एम्बार्गो स्पॅनिशमधून आला, आणि जुना अर्थ बंदरातली जहाजं सरकारनं अडवून ठेवणं.

मग दारूचा बार का? इथे लोकांना वाटतं तसं काही रंगेल मूळ नाही. इंग्लंडमधल्या खानावळीत मालकानं पिंपं, बाटल्या आणि गल्ला एका आडव्या फळीमागे ठेवला, गिऱ्हाइकानं आत येऊ नये म्हणून. ती फळी म्हणजे बार. सोळाव्या शतकाच्या शेवटी हा अर्थ लिखाणात दिसतो. फळीवरून पेला सरकवायचा, फळीवरूनच पैसे घ्यायचे. मग फळीचं नाव खोलीला, खोलीचं नाव आख्ख्या दुकानाला. म्हणजे कोर्टातला बार आणि हायवेवरचा बार हे दोघेही मुळात कठडेच, पलीकडे कोण आहे एवढाच फरक. दोन्हीकडून माणूस खिसा हलका करून बाहेर पडतो, हा जुना विनोद वकीलच सांगतात.

आपल्याकडे त्याचं आणखी एक नाव आहे, ‘परमिट रूम’, आणि ते महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला कळत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारू पिणं मुळात बंद केलं आणि मग परवानाधारकाला सूट दिली. परवाना घेऊन पिण्याची जागा ती परमिट रूम. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. कायद्यानं अडसर घातलेल्या दारात ठेवलेली ही दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. पाटीवर मात्र ‘परमिट रूम, बिअर बार’ असं एका दमात लिहिलेलं असतं, आणि आत बऱ्याचदा तो आडवा कठडा नसतोच, टेबलं आणि फॅमिलीसाठी पडदे असतात. माडी-ताडीच्या दुकानाला मात्र कोणी बार म्हणत नाही.

इथवर सगळे एका घरचे. आता तो काट्यावरचा ‘दोनशे बार’.

हा बार ग्रीक ‘बारोस’ वरून आला. बारोस म्हणजे वजन, भार. इटलीच्या टॉरिचेलीनं १६४३ मध्ये पाऱ्याची नळी उलटी धरून हवेला वजन असतं हे दाखवलं, पुढे त्या यंत्राला बॅरोमीटर नाव पडलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवामानशास्त्रज्ञांनी दाबाचं एक सोयीचं माप ठरवलं, त्याला नाव दिलं बार. दांड्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट त्याचं नातं आपल्याशी आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘बारोस’, लॅटिन ‘ग्राविस’ आणि संस्कृत ‘गुरु’ हे एकाच मुळाचे धरतात. गुरु म्हणजे जड, गुरुत्वाकर्षणातला गुरु. शिकवणारा गुरुही त्याच वजनामुळे गुरु.

एक बार म्हणजे किती? समुद्रसपाटीला आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, जवळजवळ तेवढा. नेमका आकडा १.०१३ बार. पाण्यात दर दहा मीटरला आणखी साधारण एक बार वाढतो. मालवणला हे अंगावर अनुभवता येतं. पाण्याखाली दोन-तीन मीटर गेलात की कानात कळ येते, कारण बाहेरचा दाब वाढला आणि कानाच्या पडद्याआतला तेवढाच राहिला. मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान ‘टक्’ करतो आणि कळ जाते. दहा मीटरवर एकूण दाब दोन बार होतो, आणि पृष्ठभागावर फुगवलेला फुगा तिथे निम्मा होतो. उलट तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुपटीनं फुगते. म्हणून डायव्हिंगवाले पहिला नियम सांगतात की श्वास कोंडून धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा काटा दोनशे बारवर असतो, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दोनशेपट दाबानं ती हवा आत ठासलेली असते. काटा पन्नासवर यायच्या आत माणसाला वर आणतात. खाली बोलता येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी, त्यामुळे काट्याकडे लक्ष तुमच्यापेक्षा त्या पोराचंच जास्त असतं.

याच बारचा हजारावा भाग मिलिबार. हवामान खात्याच्या बातमीत आता ‘हेक्टोपास्कल’ म्हणतात, पण आकडा तोच, एक मिलिबार म्हणजे एक हेक्टोपास्कल. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, तेव्हा घराघरांत हा शब्द पोचला. वादळाच्या मध्यात हवेचा दाब कमी असतो. कमी दाब म्हणजे समुद्राच्या अंगावरचं वजन कमी, म्हणून तिथलं पाणी फुगून वर येतं: दाब एक मिलिबारनं उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं. एरवी १०१० च्या आसपास असलेला दाब ९८० वर आला तर नुसत्या तेवढ्यानं तीसेक सेंटिमीटर. वाऱ्यानं किनाऱ्यावर ढकललेलं पाणी वेगळं, आणि तेच खरं जास्त नुकसान करतं. त्यात उधाणाची भरती जुळून आली तर पाणी माडाच्या आळ्यांतून अंगणापर्यंत येतं.

इंग्रजीत आणखी एक पाहुणा बार आहे, ‘बार मिट्झ्वा’ मधला. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा विधी. हा बार अरामी भाषेतला, अर्थ मुलगा. इतका लांबचा शब्द कोकणात कशाला, असं वाटेल. पण अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश चालला, असं बेने इस्रायल लोक सांगत आले आहेत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. घरात मराठी. त्यांच्याकडे हा बार इंग्रजीच्या वाटेनं आलेला नाही, तो धर्माच्या वाटेनं आला.

उरला आपला बार. बंदुकीचा बार, बार भरला, बार काढला, फुसका बार, लग्नाचा बार उडवून दिला. बागेतली माकडं हाकलायला काढतात तोही बार आणि तळव्यावर चुना-तंबाखू मळून गालात ठेवतात तोही बारच. यातला इंग्रजीचा अंश शून्य. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, भरलेला माल. भात-काजूची पोती ज्यात भरतात ते बारदान, दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढणारा बारगीर, हे त्याच कुळातले. बंदुकीत जेवढी दारू ठासायची तो बार; मग तो उडाला की जो आवाज होतो तोही बार. फारसी बार, संस्कृत भार आणि इंग्रजी ‘बेअर’, म्हणजे वाहून नेणं, हे तिघे मात्र खरोखर एका मुळाचे आहेत. इंग्रजीशी आपल्या बारचं नातं शोधायचंच तर ते दारूच्या दुकानात सापडत नाही, या ‘बेअर’मध्ये सापडतं. आणि फारसी बार आणि ग्रीक बारोस, दोन्हींचा अर्थ ओझं, आवाज जवळजवळ तोच, तरी मूळ वेगळं. शब्दांच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नये ते यासाठी.

राहता राहिली डबलबारी. बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून भलतंच समजतो. ही सिंधुदुर्गातली भजनाची जुगलबंदी: दोन बुवा, दोन मेळे, समोरासमोर पखवाज आणि पेटी, एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं आपल्या पाळीत गाऊन उत्तर द्यायचं. इथली बारी म्हणजे पाळी, संस्कृत ‘वार’ वरून आलेली. सोमवार-मंगळवारातला वार तोच. त्याला इंग्रजी ‘डबल’ कोणी आणि कधी जोडला कोण जाणे, पण आता ‘दुहेरी बारी’ म्हटलं तर गावात कोणाला कळणार नाही. जत्रेच्या आमंत्रणावर खाली छापलेलं असतं: रात्री १० वाजता डबलबारीचा जंगी सामना. आणि दहा म्हणजे अकरा धरून चालायचं.